मेणातली गाठ

ब्लॉक यंत्रावर लावला, चाक फिरवलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कापालाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ब्लॉक म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा तपासायचा तर तो आधी फॉर्मॅलिन नावाच्या औषधात मुरवून घट्ट करायचा. मग त्यातलं पाणी स्पिरिटनं ओढून घ्यायचं, स्पिरिट झायलिन नावाच्या उग्र वासाच्या औषधानं काढायचं आणि त्याच्या जागी वितळलेलं मेण जिरवायचं. शेवटी तो तुकडा मेणाच्या लहानशा वडीत बसवायचा. ती वडी म्हणजे ब्लॉक. मायक्रोटोम म्हणून यंत्र असतं, त्यावर ती लावून तिचे काप काढायचे, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ. काप एकाला एक चिकटून फीत होऊन पात्यावरून खाली येतात. ती ब्रशच्या टोकानं उचलायची, कोमट पाण्याच्या भांड्यात सोडायची, सुरकुत्या जाऊन पसरली की खालून काच घालून अलगद वर घ्यायची. झालं. सांगायला एवढंच आहे. हाताला यायला माझी वर्षं गेली. मी तर तिथं काचा धुवायला लागलेली. कापायचं काम करणारे काका म्हातारे झाले, त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "बस इथं आणि बघ." बघता बघता आलं.

लॅब भिवंडीत निजामपुऱ्याच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. खाली सुताचा व्यापारी, मागच्या गल्लीत यंत्रमाग, लूमच लूम. भिंतीला हात लावला तर हात थरथरायचा. यंत्राच्या पायांखाली मी लूमच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे घातले होते, नाहीतर कापावर आडव्या रेघा उठायच्या.

तर तो ब्लॉक. कडेला काप चांगला यायचा आणि मधोमध विस्कटायचा. पाण्यावर सोडला की मधला भाग भिजल्या पिठासारखा सुटून जायचा आणि फितीला भोक पडायचं. तुकडा नीट मुरला नसला की असं होतं. दुसऱ्या कुणाचा असता तर मी तिथंच बडबड करून मोकळी झाले असते. पण त्या ब्लॉकवरचा नंबर माझ्या धाकट्या जावेचा होता.

आमचं घर भिवंडीच्या बाहेर, खाडीकडच्या गावात. भाताची जमीन होती, तिच्यावर गोदामं आली. धाकट्या दिरांनी घराजवळच लूमचा गाळा काढला होता. जाऊ माझ्याहून बरीच लहान. हसरी, भांडायला पुढे, आणि गौरीच्या दिवसांत नाचायला, गाणी म्हणायला सगळ्यांच्या आधी. त्या वर्षी तिच्या छातीत गाठ लागली. नर्सिंग होमचे सर्जन म्हणाले, काढून तपासू. त्यांना पुढे गावाला जायचं होतं, म्हणून नेमका गौरी यायच्या दिवशी सकाळी नंबर लागला.

सासूबाई म्हणाल्या, "गौराईच्या दिवशी कापाकापी कोन करतं गो?"

जाऊ म्हणाली, "चरबीची गाठ असंल आई. उद्या नाचायला येते का न्हाय बघा."

नाचायला काही ती आली नाही. पाहुणे, नैवेद्य आणि तिचं दुखणं सगळं माझ्या अंगावर पडलं, म्हणून विसर्जनानंतरही काही दिवस मी रजेवरच राहिले. गाठ बाटलीत घालून दिरांकडे दिली होती, लॅबमध्ये पोचवायला, हे मला ठाऊक होतं. परत कामावर गेले तेव्हा मला वाटलं, रिपोर्टसुद्धा टाइप झाला असेल. तर ब्लॉक त्याच सकाळी साच्यातून निघालेला. मी म्हटलं, इतके दिवस ही पोरगी काय करत होती?

पोरगी म्हणजे कल्याणहून येणारी नवी टेक्निशियन. डिप्लोमा केलेली, नीटनेटकी, मला मावशी म्हणायची. माझ्या मागं सगळं तिच्यावर होतं. ते दिवस लोडशेडिंगचे. वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखा चालायचा, मेणाची भट्टी नाही चालायची. मेण थिजायचं आणि तुकडे त्यात अर्धेकच्चे अडकून बसायचे. मी असले की वेळ वाढवायची, पुन्हा पुन्हा बघायची. माझ्या डोक्यात सगळं जुळून आलं. वीज गेली, मेण थिजलं, हिनं कुणाला सांगितलं नाही, परत वितळवलं, परत बसवलं. म्हणून उशीर, आणि म्हणून भोक.

सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं की माणूस सावध होतो. मी पाळत ठेवायचं ठरवलं.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची काच आमच्या लॅबच्या डॉक्टरसाहेबांपुढे गेली. मायक्रोस्कोपवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "प्रोसेसिंगला काय झालं होतं?"

मी पोरीकडे बघितलं. पोरीनं माझ्याकडे बघितलं.

"मधे खराब आहे. पण निदानापुरतं दिसतंय," असं म्हणून त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "बाई, बसा जरा."

मी बसले नाही. उभ्यानंच ऐकलं. गाठ चरबीची नव्हती.

मग मुंबईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याच ब्लॉकवर आणखी एक तपासणी करून आणा. काही जणींच्या गाठीतल्या पेशी शरीरातल्या हार्मोनवर जगतात. तशा असतील तर या तपासणीत त्या तपकिरी रंगतात. तपकिरी निघाल्या तर रोज एक लहानशी गोळी, काही वर्षं, आणि रोग परत येण्याची भीती पुष्कळ कमी. नाही रंगल्या तर ती गोळी कामाची नाही, सलाइनमधून द्यायच्या औषधावरच सगळी भिस्त. जावेनं ते नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन ती एकच गोष्ट बोलत राहिली, "गोली मिलाली तर बरं व्हईल."

तो रंग आमच्याकडे व्हायचा नाही. काप काढून काचा मुंबईला पाठवायच्या. त्या काचाही वेगळ्या. एरवी मी काचेला अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन चोळायची, काप धरून राहावा म्हणून. या तपासणीला ते चालत नाही, कारण तिथं काचा प्रेशर कुकरमध्ये शिजवतात. खरंच शिजवतात. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा थट्टा वाटली होती. त्या उकळीत अंड्यावर चिकटवलेला काप सुटून जातो. म्हणून एका बाजूला काही तरी लेप दिलेल्या काचा येतात, त्याच वापरायच्या. तो डबा मी माझ्या खणात ठेवला आणि कुलूप लावलं. पोरीनं बघितलं.

मेणाच्या भट्टीजवळ मी खुर्ची ओढून घेतली. ती म्हणाली, "मावशी, आज इथं बसलात?"

"इथं वारा येतो."

"इथं झायलिनचा वास येतो."

"मला आवडतो."

भट्टीचा काटा मी येता-जाता बघायची. एकदा ती माझ्याच मागं उभी राहून तोच काटा बघत होती. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. आपण पकडले जाऊ म्हणून बघते आहे.

जावेचा ब्लॉक मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फ्रीज बंद होता म्हणून मासळी बाजारातून बर्फ आणला आणि त्यावर तो गार केला. गार मेणाला धार येते. पाण्याच्या भांड्यातलं पाणी बदललं, वरचा तवंग कागदानं ओढून काढला, दुसऱ्या कुणाचा कण तरंगत राहिला तर तो हिच्या काचेवर चढायचा. पात्याचं न वापरलेलं टोक घेतलं. काप येताना चुरगाळायला लागला की ब्लॉकवर तोंडानं ऊब द्यायची, आरशावर वाफ धरतो तशी. मधला भाग सुटतच होता. मी कडेचे चांगले काप निवडले. काचा सुकवल्या, मंद उबेवर ठेवल्या. जास्त गरम केलं तर जे रंगायचं तेच मरून जातं, हे काकांनी नाही, डॉक्टरसाहेबांनी शिकवलं होतं. डबीत घालून, डबीला चिकटपट्टी लावून, पट्टीवर माझी सही करून ती मी मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या हातात दिली.

रिपोर्ट आला. निगेटिव्ह. एकही पेशी रंगली नव्हती.

घरी सांगितलं. जाऊ पोळपाटावर भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "म्हंजे गोली न्हाय?"

"दुसरी औषधं आहेत गं."

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "गाठ तुझ्याच लॅबमधी गेली. तूच कापली. आनि तुलाच म्हाईत न्हाय काय झाला?"

मला रात्री ते लागून राहिलं, म्हणून सकाळी लॅबमध्ये गेल्या गेल्या मी पदर खोचून डॉक्टरसाहेबांच्या खोलीत. पोरगी तिथंच होती. मी म्हटलं, "साहेब, हिला विचारा, मी रजेवर असताना मेण थिजलं होतं का?"

पोरीचा चेहरा लाल झाला. "मेण? मावशी, माझ्या मागं भट्टी तुम्ही बंद करता असं मला वाटत होतं. म्हणून मी काटा बघत बसायची."

"मी कशाला बंद करीन?"

"मग मी कशाला थिजवीन?"

डॉक्टरसाहेबांनी हात वर केला. मुंबईहून रंगवलेली काच त्यांनी मागवून घेतली होती, ती मायक्रोस्कोपखाली होती. ते म्हणाले, "दोघी इकडे या आणि बघा. ही गाठ. आणि ही तिच्या शेजारची निरोगी नळी. प्रत्येक बाईच्या छातीत असते. ही थोडी तरी तपकिरी यायलाच हवी. आली का?"

नव्हती आली. सगळं फिक्कं निळं.

"म्हणजे गाठ निगेटिव्ह आहे असं म्हणता येत नाही. तुकडाच रंगण्याच्या पलीकडे गेला होता. मेणाचं हे काम वाटत नाही मला. फॉर्मॅलिनमध्ये पडायलाच उशीर झाला असावा. आपल्याकडे आला तेव्हा कशात होता?"

पोरगी म्हणाली, "साध्या सलाइनच्या पाण्यात. नर्सिंग होमनं तसाच दिला होता, लगेच पोचवा म्हणून. बाटली घेऊन आलेले ते तुमच्या घरचे म्हणाले, आत्ताच काढलीय. मी त्याच मिनिटाला फॉर्मॅलिनमध्ये टाकली."

"कोणत्या दिवशी?"

"गौरी विसर्जन झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी."

गाठ काढली होती गौरी यायच्या दिवशी. मी भिंतीला टेकले. भिंत थरथरत होती, मागच्या लूमनं.

त्या संध्याकाळी घरी न जाता आधी गाळ्यावर गेले. दीर लूमपाशी तुटलेला धागा सांधत होते. एवढ्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं आणि मला ओरडायचं नव्हतं. मी हातानं खूण करून लूम बंद करायला लावला.

"भाऊजी, त्या दिवशी बाटली कुठं ठेवली होती?"

"कंची बाटली?"

त्यांनी हात पुसले, परत पुसले.

"वयनी, गौराई आनायची व्हती मला. हातात ती बाटली, आनि त्याच हातानं गौराई आनू? आई बोलली, घरात आनू नको. मंग हितं टांगली, त्या खिल्याला. पिशवीत घालून. कुत्रा न्यायला नको म्हनून उंच टांगली."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"पूजन व्हतं. परत शिवायची, परत आंघोल करायची, पाव्हनं दारात. आई बोलली, विसर्जन झाल्यावर ने. झाकन घट्ट व्हतं वयनी, मी बघितलं. औषधातच व्हती ना ती?"

"ते औषध नव्हतं. पाणी होतं."

त्यांनी वर खिळ्याकडे बघितलं.

"मग आत्ताच काढली असं का सांगितलंत?"

"तुमची ती पोरगी वरडली असती."

गाळ्यात वरती पत्रा. भर दुपारी सूतसुद्धा हाताला गरम लागतं तिथं. आणि मी त्या दिवसांत पाहुण्यांना सोडायला त्याच गाळ्यावरून जात-येत होते.

"तिला नका सांगू," ते म्हणाले. "आईचं नाव निंगंल. तिला वाटंल, गौराईपाई मला सोडली."

मी हो म्हटलं. पण सांगून टाकलं की पुढच्या वेळी बाटलीला हात लावायचा नाही, मग घरात गौराई असो नाहीतर कुणी असो.

पुढची वेळ आलीच. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की छाती आणि काखेतल्या ग्रंथी काढायच्या. ऑपरेशन त्याच नर्सिंग होममध्ये. मी बरणी घेऊन थिएटरच्या दाराशी उभी राहिले. रुंद तोंडाची, फॉर्मॅलिननं भरलेली. वॉर्डातली आया दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा थांबलीच.

"ए बाई, ये क्या लेके खडी है? अचार?"

"सूंघके देख."

तिनं झाकणाजवळ नाक नेलं आणि डोळे पुसत निघून गेली. बाकावर सासूबाई आणि दीर बसलेले. सासूबाई बरणीकडे बघत नव्हत्या. दीर माझ्याकडे बघत नव्हते.

ट्रे बाहेर आला तसा मी तो तुकडा बरणीत घेतला आणि रिक्षानं लॅबमध्ये. बरणी मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. डॉक्टरसाहेबांनी तो लगेच पावासारखा कापला, म्हणजे औषध आतपर्यंत जातं. काखेतल्या ग्रंथी वेगळ्या काढल्या. आता एक विचित्रच गोष्ट होती. तपासणी परत करायची तर रोगाचा तुकडा हवा, आणि मूळ गाठ तर आधीच काढून झाली होती. मी देवासमोर हात जोडले आणि काय मागावं ते मला कळेना. रोग उरला नसू दे म्हणावं, की थोडा सापडू दे म्हणावं. हात जोडून नुसतीच उभी राहिले.

एका ग्रंथीत सापडला.

तो ब्लॉक मी लावला आणि पोरगी शेजारी येऊन बसली. कुलपाची किल्ली मीच तिच्याकडे दिली. ती काचा काढून देत होती, मी काप उचलत होते. फीत अखंड आली, पाण्यावर पडली तरी अखंड. मधे भोक नाही. मी तिच्या काचांकडे बघत होते, ती माझ्या ब्रशकडे बघत होती. आता लपून बघायचं कारण नव्हतं.

या वेळी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. डॉक्टरसाहेबांनी काच मागवली आणि मला दाखवली. पेशींचे ठिपके तपकिरी, भाजलेल्या नाचणीच्या दाण्यांसारखे.

घरी आनंद होईल असं मला वाटलं होतं. जावेनं गोळ्यांची पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि मांडणीवर ठेवून दिली.

"एकदा न्हाय, एकदा हाय. कसा काय?"

"पहिली तपासणी बिघडली होती."

"का बिघडली?"

मी दिरांकडे बघितलं. ते चपला शोधायला लागले.

"वयनी, मला बरा वाटावा म्हनून तुमी लिवून आनलाय. तुमचीच लॅब हाय." ती रागानं नाही बोलली. तेच वाईट होतं. "मी न्हाय घेनार खोटी गोली."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच उत्तर. पट्टी तशीच मांडणीवर. शेवटी मी तिला लॅबमध्ये घेऊन गेले. डॉक्टरसाहेब जेवायला गेले होते. मी तिला मायक्रोस्कोपसमोर बसवलं, काच लावली, एक डोळा मिटायला शिकवलं. ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"तपकिरी हाय."

"हो ना."

"हे माझाच कशावरून?"

मी म्हटलं, "बरणी माझ्या हातात होती. दारापासून इथपर्यंत."

"पयल्या वेलेलापन तुमचीच मानसं व्हती ना? मंग?"

यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते न देण्याचा शब्द मी दिला होता. पोरगी मागं उभी होती, ती आपण होऊन बाहेर गेली. मी जावेला सांगितलं. खिळा सांगितला, पिशवी सांगितली, कुत्र्यासाठी उंच टांगली तेही सांगितलं. गौराई आणणारे हात सांगितले.

ती ऐकत होती. मला वाटलं आता रडेल, नाहीतर उठून माहेरी जाईल. ती म्हणाली, "कुत्र्यासाटी?"

"हो."

"आनि झाकन घट्ट हाय का, ते बघितला असंल."

"बघितलं होतं."

"आई बोलली असंल, विसर्जन झाल्यावर ने."

"अगदी हेच."

मग तिनं परत एकदा डोळा लावून बघितलं, या वेळी सावकाश. रिपोर्टवर तिचा विश्वास बसला नव्हता, माझ्यावर बसला नव्हता. पण आपला नवरा आणि आपली सासू तिला पुरती ओळखीची होती. एवढं सगळं मला मनानं रचता येणार नाही, हे तिला पटलं असावं.

"तरीच मला गाल्याकडे येऊ देत न्हवते," एवढंच बोलली.

घरी तिनं कुणाला काही विचारलं नाही. रात्री जेवण झाल्यावर पट्टी खाली काढली, गोळी तळहातावर घेतली आणि दिरांना म्हणाली, "पानी तुमी द्या. तुमच्याच हातानं."

दिरांनी तांब्या आणून दिला. तिनं गोळी घेतली. रोज रात्री पाणी त्यांनीच द्यायचं, असं तिनं त्या दिवसापासून लावून दिलं, आणि सासूबाई जाग्या असतील अशाच वेळी. दीर तांब्या घेऊन माझ्यासमोरून जायचे तेव्हा माझ्या तोंडाकडे निरखून बघायचे. मी पोळ्यांचा डबा आवरत असायची.

त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.